सवडीचा वाटा

कादंबरी लिहायला घेतलेला माणूस रोजच्या कामांपुढे हरतो, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यावरचे तोडगेही ठरून गेले आहेत. पहाटे उठावे, रोज निदान एक पान लिहावे, फोन दूर ठेवावा, बाकीची कामे आटोपशीर करावीत. तोडगे वाईट नाहीत. पण प्रश्न वेळेच्या नियोजनाचा आहे आणि ज्याचा त्याने तो सोडवायचा आहे, असे ते सगळेच धरून चालतात. मला हा प्रश्न कर्तव्याचा, म्हणजे धर्माचा वाटतो. घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळलेले असते, मुलांच्या शाळा असतात, शेतात कापूस फुटून वेचणीला आलेला असतो, कचेरीत मार्चअखेर असते. अशा वेळी घरातले एक माणूस या सगळ्यातून अंग काढून घेते आणि जगात कधी नसलेल्या माणसांच्या आयुष्यात दोन-तीन वर्षे राहू पाहते. तसे करण्याचा त्याला अधिकार आहे का? आणि असेल, तर तेवढ्या काळात त्याच्या वाट्याचे काम कोणी उचलायचे? या दुसऱ्या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. सगळी मेख मात्र तिथेच आहे.

हा प्रश्न वर्धा जिल्ह्याच्या साक्षीने तपासावा असे मला वाटते, कारण रोजच्या कामाला यज्ञाचा दर्जा देण्याचा इतका काटेकोर प्रयोग महाराष्ट्रात दुसरीकडे झालेला नाही. विनोबा १९२१ साली वर्ध्यात आले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावात राहायला गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. १९३८ पासून विनोबांचा मुक्काम पवनारला, धाम नदीच्या काठी होता. आश्रमाच्या एकादश व्रतांत शरीरश्रमाचे व्रत होते. जो खातो त्याने अंगमेहनत केलीच पाहिजे, आणि आपली घाण दुसऱ्याने उचलावी ही अपेक्षाच अधर्माची, हा त्या व्रताचा गाभा. दळण, सफाई, सूतकताई, स्वयंपाक ही कामे विद्वानाला चुकत नव्हती आणि पाहुण्यालाही चुकत नव्हती. यामागे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला यज्ञविचार होता, आणि टॉल्स्टॉयने बोंदारेव्ह नावाच्या रशियन शेतकऱ्याकडून उचललेला, भाकरीपुरत्या श्रमाचा विचारही होता. एका अर्थाने कादंबरीकाराला जे ओझे वाटते तेच इथे साधना म्हणून मांडले गेले. मग या भूमीत लेखनाचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

लेखन पुष्कळ झाले. त्याचे प्रकार मात्र पाहण्यासारखे आहेत. पत्रे, ‘हरिजन’साठीचे साप्ताहिक लेख, रोजनिशी, प्रार्थनेनंतरची प्रवचने, भाषांतरे, शिक्षणाचे आराखडे. विनोबांनी ‘गीताई’ वर्ध्यातच ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत पूर्ण केली. ती अजोड आहे, पण तिची घडण श्लोकाश्लोकाची आहे. एक श्लोक मनात घोळवत माणूस सूत कातू शकतो, विहिरीवरून पाणी आणू शकतो. श्लोक हाती लागला की तो पुरा झाला, उद्या दुसरा. लांब पल्ल्याचे सलग गद्य याच मंडळींनी लिहिले ते बहुतेक आश्रमाबाहेर, तुरुंगात. ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात रविवारी रविवारी सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ १९४४ मध्ये सिवनीच्या तुरुंगातले. वर्ध्यातल्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचा डोलारा सांभाळणाऱ्या जे. सी. कुमारप्पांना शाश्वत अर्थव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ लिहायला सवड झाली ती जबलपूरच्या तुरुंगात. शरीरश्रमाच्या व्रतावरचे गांधीजींचे विवेचनसुद्धा १९३० साली येरवड्याहून पाठवलेल्या पत्रांतले आहे. वर्ध्याबाहेर पाहिले तरी हेच. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये पाच दिवसांत उतरली. नेहरूंचा भारतशोध अहमदनगरच्या किल्ल्यात.

या यादीकडे आपण सहसा देशभक्तांच्या चिकाटीचा दाखला म्हणून पाहतो, आणि ते खरेही आहे. पण तिच्यातून दुसरी गोष्टही निघते. कर्मयोगाचा सर्वांत मोठा मराठी ग्रंथ, ज्याचे कर्म सरकारने बळजबरीने थांबवले होते अशा माणसाकडून लिहून झाला. तुरुंगात भाकरी कोणीतरी आणून देत होते, दारावर पाहुणे नव्हते, सभा नव्हत्या, घरातल्यांचे आजार कानावर आले तरी उठून जाता येत नव्हते. बाहेर असताना याच माणसांची इच्छाशक्ती कमी नव्हती, शिस्त तर आपल्या कल्पनेपलीकडची होती. तरी मोठी सलग रचना बाहेर होईना. तेव्हा ‘मनात असेल तर वेळ सापडतो’ हे वाक्य या माणसांच्या बाबतीतही खरे ठरत नसेल, तर हिंगणघाटच्या एखाद्या शिक्षिकेला किंवा आर्वीच्या एखाद्या बँक कारकुनाला ते ऐकवणे अन्यायाचे आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा महादेवभाई देसाईंचा आहे. गांधीजींच्या सहवासात त्यांनी २५ वर्षे काढली. हाडाचे साहित्यिक होते. शरच्चंद्रांच्या कथा-कादंबऱ्या त्यांनी गुजरातीत आणल्या होत्या. गांधीजी शेगावला गेल्यावर महादेवभाई मगनवाडीत राहत आणि तिथून साधारण आठ किलोमीटरची वाट वर्ध्याच्या उन्हात पायी तुडवून रोज शेगावला जात, संध्याकाळी परत येत. त्या चालण्याने त्यांची प्रकृती खालावली. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसच्या बंदिवासात ते गेले. त्यांच्या मागे उरली ती खंडच्या खंड भरणारी डायरी. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा असतो त्याच्या हाती हाच प्रकार राहतो, कारण डायरी कुठेही तुटली तरी मोडत नाही. गांधीजींचे सविस्तर चरित्र लिहायला त्यांच्याइतका योग्य माणूस नव्हता. ते त्यांच्या हातून झाले नाही, पुढे त्यांचे चिरंजीव नारायण देसाई यांनी चार खंडांत लिहिले. महादेवभाईंनी हे खुशीने पत्करले होते, त्यांच्या वतीने तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कोणते आयुष्य कोणता वाङ्मयप्रकार देऊ शकते आणि कोणता देऊ शकत नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून स्वच्छ कळते.

कादंबरी डायरीसारखी तुटत नाही, ओवीसारखीही नाही. जात्यावर बसून ओवी रचता येते. किंबहुना जात्याची लय ओवीला हातभारच लावते. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या शेतात आणि घरात काम करता करता झाल्या, इतरांनी त्या टिपून ठेवल्या आणि पुस्तक निघाले ते १९५२ साली, त्या गेल्यानंतर. आठवणींचेही तसेच. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि रमाबाई रानडे यांच्या आठवणी हा मराठी गद्याचा अभिमानाचा ठेवा आहे, आणि सुरुवातीच्या काळात मराठी स्त्रियांचे श्रेष्ठ गद्य आत्मकथनात जास्त का सापडते याचे एक कारण मला इथे दिसते. दूध उतू जाते म्हणून लिहिणारी उठली, तरी तिच्या आठवणी आपल्या जागी शाबूत राहतात. घडलेले असते ते पुसले जात नाही. कल्पनेतली माणसे मात्र धरून ठेवावी लागतात. पंधराव्या प्रकरणातल्या सुनेने तिसऱ्या प्रकरणात सासऱ्याशी कोणत्या सुरात बोलून ठेवले होते, हे सतत डोक्यात जागते ठेवावे लागते. मधे आठवडा गेला की ती माणसे अनोळखी होतात आणि पुन्हा ओळख करून घेण्यातच पुढचा आठवडा जातो. काशीबाई कानिटकरांनी ‘रंगराव’ लिहिली, मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर या नावाने ‘हिंदोळ्यावर’ आणि ‘बळी’ लिहिल्या, हे मला ठाऊक आहे. त्यांचे मोल त्यामुळे वाढतेच. पण त्यांनी हे केले म्हणून ते सगळ्यांना शक्य होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, गरिबीत, दाटीवाटीत, कोणाच्याही मदतीवाचून मोठे लेखन झाले आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून लिहीत होते. बेबीताई कांबळे फलटणला आपल्या किराणा दुकानात बसून लिहीत आणि त्या वह्या नवऱ्याच्या नजरेपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवत. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. मग अडचणींचे रडगाणे कशाला? या आक्षेपात दोन चुका आहेत. एक म्हणजे आपण मोजतो ते तडीला गेलेले लेखन. गल्ल्यामागे किती वह्या अर्ध्यावर राहिल्या, किती चुलीत गेल्या, याची नोंद कोणत्याच वाङ्मयेतिहासात नसते. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. वह्या लपवाव्या लागल्या, ही त्या लेखनाची किंमत होती; तिला त्या लेखनाचे कारण समजणे हा बेबीताईंवर अन्याय आहे. छळ सोसूनही जे उगवले ते छळामुळे उगवले असे म्हणणारा समाज स्वतःला फार स्वस्तात सोडवून घेतो.

वर्धा जिल्ह्याचाच दाखला द्यायचा तर उद्धव शेळक्यांचा द्यावा लागेल. त्यांचा जन्म हिंगणघाटचा, पुढचे आयुष्य अमरावतीकडे गेले. १९६० साली त्यांची ‘धग’ आली. वऱ्हाडी बोलीतली ही कादंबरी आहे कौतिक नावाच्या बाईची. उभा संसार एकटीच्या जिवावर ओढत नेताना तिची किती राख होते, याची. मराठीतल्या थोड्या पहिल्या प्रतीच्या कादंबऱ्यांत मी ती मोजतो. नंतर शेळक्यांनी लेखणीवर घर चालवले. त्यासाठी खपणाऱ्या लोकप्रिय कादंबऱ्या भराभर लिहिल्या, आणि ‘धग’च्या तोडीचे पुन्हा फारसे झाले नाही अशी हळहळ समीक्षक व्यक्त करत राहिले. त्या हळहळीत लेखकाला दोष देण्याचा सूर असतो, तो मला मान्य नाही. संसाराच्या गरजा कादंबरीला नेहमी थांबवतातच असे नाही. कधी त्या कादंबरीला पळायला लावतात, आणि पळवलेली कादंबरी थांबलेल्या कादंबरीइतकीच हातची जाते. ज्या माणसाने कौतिकचे ओझे इतक्या नेमकेपणाने तोलून दाखवले, त्याच्या खांद्यावरचे ओझे वाटून घ्यावे असे आपल्या समाजाला सुचले नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत वर्धा होता. जिथे कर्जापायी माणसे जीव देतात तिथे एखाद्याने कादंबरीसाठी निवांतपणा मागणे शोभते का? पोटाला भाकरी नसलेल्याला साहित्य काय कामाचे, ही गांधीजींची चिंता होतीच. चरख्यावरून रवींद्रनाथांशी त्यांचा जो वाद झाला त्याच्या तळाशीही हाच प्रश्न होता. मी या आक्षेपाला उत्तर देतो ते गांधीजींच्याच आयुष्यातल्या एका योगायोगाच्या आधारे. शेगावला राहायला जाण्यापूर्वी अवघा आठवडाभर आधी, एप्रिल १९३६ मध्ये, नागपूरला भारतीय साहित्य परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. तिला प्रेमचंद हजर होते. छापखान्याच्या आणि ‘हंस’ मासिकाच्या तोट्याने ते मेटाकुटीला आलेले होते, प्रकृती ढासळलेली होती, आणि ऑक्टोबरमध्ये ते वारलेच. पण त्याच वर्षी ‘गोदान’ प्रसिद्ध झाली. दारात एक गाय असावी एवढीच आस धरलेला होरी कर्जाखाली कसा दबत जातो, हे भारतीय वाचकाला कळले ते त्या कादंबरीतून. गांधीजी ज्या शेतकऱ्याकडे राहायला निघाले होते त्याच शेतकऱ्याकडे प्रेमचंदही गेले होते, वेगळ्या वाटेने. सरकारी यादीत मेलेला शेतकरी पात्र किंवा अपात्र असतो. मदतीच्या दृष्टीने तेवढे पुरते, आणि मदत आधी पोचली पाहिजे यात वाद नाही. पण त्याच्या बायकोने दुसऱ्या वर्षी पेरणीला पैसे कोणाकडून आणले, आणि आणताना तिच्या मनात काय चालले होते, हे सांगायला तीनशे पाने लागतात. ती लिहिणाऱ्याला स्वस्थपणे बसता आले नाही, तर त्या बाईचे म्हणणे कायमचे बुडते. तेव्हा दुष्काळी मुलखात कादंबरी चैनीची असते हे म्हणणे मला उलटे वाटते. सुखी मुलखात एखादे वेळी ती चैन असेल.

तिसरा आक्षेप अध्यात्माच्या बाजूचा. कादंबरी लिहिण्याची तळमळ हीच मुळी वासना आहे, नावाची हाव आहे; निष्काम माणसाने समोर आलेले काम करावे आणि न झालेल्या पुस्तकासाठी झुरू नये. नावाची हाव असते हे मान्य. पण गीतेचा आग्रह फळ सोडण्याचा आहे, कर्म सोडण्याचा नाही. तरुणपणी विनोबा कविता लिहीत आणि मनासारखी उतरली की अग्नीत टाकत. काशीत असताना गंगेत सोडत. यातला टाकून देण्याचा भाग आपण भक्तिभावाने सांगतो आणि मनासारखी उतरण्याचा विसरतो. मनासारखी उतरेपर्यंत ते लिहीत होते. टाकून द्यायचे म्हणून त्यांनी ते निष्काळजीपणे केले नाही. ‘गीताई’ प्रसिद्ध झाल्यावरही तिच्या एकेका शब्दावर ते पुढे विचार करत राहिले, धाकट्या भावाला, शिवाजीरावांना हाताशी घेऊन तिचा शब्दार्थकोश केला. ज्याला फळ नको असते तो कर्माला जास्त वेळ देतो, कारण लवकर उरकण्याची घाई फळाच्या ओढीतूनच येते. म्हणून निष्कामतेच्या नावाखाली कोणाला वही मिटायला सांगणे हा गीतेचा आधार नाही, गीतेचा गैरवापर आहे. आणि तो उपदेश बहुतेक वेळा घरातल्या बाईला केला जातो, हेही लक्षात घ्यावे.

इथे टॉल्स्टॉयकडे परत गेले पाहिजे, कारण आश्रमाच्या विचारातली उणीव त्याच्या घरात आधीच दिसते. ‘युद्ध आणि शांती’ तो लिहीत होता तेव्हा सोफिया त्या हस्तलिखिताच्या पुन्हा पुन्हा नकला करत होती. तिला एकूण १३ मुले झाली. घर, शेतीचे हिशेब, पुढे पुस्तकांची छपाईसुद्धा तिने पाहिली. उतारवयात टॉल्स्टॉय अंगमेहनतीचा पुरस्कार करू लागला, स्वतः नांगर धरू लागला, जोडे शिवू लागला, आणि आपल्या आधीच्या कादंबऱ्यांनाच त्याने फोल ठरवले. तरीही १८९९ मध्ये त्याने ‘पुनरुत्थान’ पूर्ण केली, छळ सोसणाऱ्या दुखोबोर पंथीयांना कॅनडात पोचवायला पैसे हवे होते म्हणून. म्हणजे परोपकाराची निकड आली तेव्हा जोडे शिवून भागले नाही, कादंबरीच उपयोगी पडली. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती सोफियाची कादंबरी. तिनेही एक लिहिली होती, १८९० च्या दशकात, नवऱ्याच्या एका कथेला उत्तर म्हणून. ती छापली गेली १९९४ साली. टॉल्स्टॉयने श्रम वाटून घेण्याचा विचार जगाला दिला. सवड वाटून घेण्याचा विचार त्याच्या स्वतःच्या घरात शिरला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मला पूर्ण जबाबदारीने मांडायचे आहे. वर्ध्याच्या आश्रमांनी श्रम सगळ्यांमध्ये वाटले, हे त्यांचे फार मोठे देणे. त्याच तत्त्वातून दुसरा निष्कर्ष निघत होता आणि तो पुरता काढला गेला नाही: श्रम वाटून घ्यायचे असतील तर निवांतपणाही वाटून घ्यायचा असतो. काम हे कर्तव्य आणि सवड हे बक्षीस, अशी विभागणी केली की सवड नेहमी घरातल्या बलवानाकडे जाते. सवडीला यज्ञाचाच भाग मानले, तर ती कोणाला मिळाली आणि कोणाला नाही याचा हिशेब ठेवावा लागतो, जसा सफाईच्या पाळीचा ठेवतात. आश्रमाला हे अगदी अनोळखी होते असेही नाही. सूत्रयज्ञाचा अर्धा तास ठरलेला असे आणि त्या वेळी कोणी कोणाला दुसऱ्या कामाला हाक मारत नसे. गांधीजींचा सोमवार मौनाचा असे. त्या दिवशी ते लिहीत, तुंबलेली पत्रे उरकत, आणि देशातला मोठा पुढारी आला तरी सहसा मौन मोडत नसे. इतक्या व्यापात असलेल्या माणसालाही आठवड्यातला एक दिवस कुंपण घालून राखावा लागला, आणि भोवतालच्या माणसांनी ते कुंपण सांभाळले. पवनारला १९५९ साली विनोबांनी स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. तिथल्या बहिणींनी शेती, स्वयंपाक, सफाई आणि ‘मैत्री’ मासिकाचे छपाईकाम आपसांत वाटून घेतले, आणि अध्ययनालाही दिवसाच्या रचनेत मानाची जागा दिली. बायकांनी श्रम आणि चिंतन दोन्ही समान वाटणीने करून पाहिल्याचा हा नमुना आपल्या जिल्ह्यातलाच आहे.

आश्रम म्हणजे संसार नव्हे, हे खरे. तिथे तान्ही मुले नसतात, सासूचे गुडघे दुखत नाहीत, सोयाबीनची सोंगणी आणि मुलीची परीक्षा एकाच आठवड्यात येत नाही. पण म्हणूनच संसारात वाटणीची गरज अधिक आहे. व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली लिहिणाऱ्या बाईसाठी स्वतःची खोली आणि वर्षाला ५०० पौंड मागितले, ते बरोबरच होते. मात्र तिच्या घरी स्वयंपाकाला बाई होती आणि त्या बाईच्या खोलीचा विचार त्या मागणीत नाही. आपल्याकडेही धुणीभांड्याला बाई ठेवून सवड मिळवता येते. त्यात पाप आहे असे मी म्हणणार नाही, पण आपली दोन तासांची शांतता कोणाच्या दोन तासांतून कापून आली आहे हे लिहिणाऱ्याला माहीत असले पाहिजे. तिला पुरती मजुरी, ठरलेली सुट्टी आणि माणसासारखी वागणूक देणे हा त्याच्या साहित्यधर्माचा भाग आहे. लिहिणाऱ्या पुरुषाने तर आणखी एक हिशेब मांडावा. मला बसता यावे म्हणून घरातले कोण उभे आहे, आणि ते माणूस बसेल तेव्हा मी उभा राहणार आहे का? याचे उत्तर नकारार्थी असेल तर त्या कादंबरीतली करुणा कितीही खरी वाटली तरी ती उसनी आहे. मुदत ठरवून, अदलाबदलीने, एका वर्षी एकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने, असे ठरवणारे घर मला त्या बाबतीत सेवाग्रामच्या एक पाऊल पुढचे वाटेल.

विदर्भ साहित्य संघाच्या शताब्दीनिमित्त फेब्रुवारी २०२३ मध्ये ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन वर्ध्यात झाले. त्याआधी १९६९ मध्ये पु. शि. रेग्यांच्या अध्यक्षतेखाली ते इथे भरले होते. मंडप, ग्रंथदिंड्या, ठराव यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण तीन दिवसांच्या मंडपावर होणाऱ्या खर्चाचा थोडासा भाग बाजूला काढला तर दोन-चार लिहिणाऱ्या माणसांना काही महिने राहायला खोली आणि मागे त्यांच्या घरी कामाला माणूस, एवढे सहज देता येईल. सेवाग्राम आणि पवनारच्या परिसरात अशा खोल्यांना जागा कमी नाही. साहित्य संस्थांनी हे मनावर घ्यावे. आणि संस्था घेतील तेव्हा घेतील. घरांना कोणाच्या ठरावाची वाट पाहायचे कारण नाही. ज्या घरात कोणी लिहू पाहत आहे त्या घराने आठवड्यातला एक दिवस त्या माणसासाठी मोकळा ठेवावा, त्या दिवसाची कामे बाकीच्यांनी नावे घालून वाटून घ्यावीत, आणि ही सुरुवात घरातल्या बाईपासून करावी.